आरोपीचं ‘मेडिकल’

बलात्काराच्या गुन्ह्यात अटक झाली की पोलीस आरोपीला घेऊन सरकारी रुग्णालयात येतात. पोलीस ठाण्याच्या बोलीत याला ‘आरोपीचं मेडिकल’ म्हणतात. सोबत दोन शिपाई आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे एक पत्र. त्या पत्रात वर्षानुवर्षं एक प्रश्न ठरलेला असतो: ‘सदर इसम संभोग करण्यास सक्षम आहे किंवा कसे?’ डॉक्टर तपासतात, ठरलेलं उत्तर लिहितात, एमएलसी (मेडिको-लीगल केस) रजिस्टरमध्ये क्रमांक पडतो आणि आरोपी कोठडीत परत जातो.

पीडितेच्या तपासणीबद्दल गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ बोललं गेलं आणि ते आवश्यकच होतं. योनीत दोन बोटं घालून करायच्या ‘टू फिंगर टेस्ट’मुळे स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं. ऑक्टोबर 2022 मध्ये, ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असंही बजावलं. आरोपीच्या तपासणीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ती कशी करतात, तिच्यातून काय हाती लागतं, काय लागत नाही, हे सुशिक्षित वाचकालाही ठाऊक नसतं.

याच तपासणीच्या फॉर्मवर आणखी काही रकाने असतात: वय, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, व्यसन. हे रकाने भरताना कुणी फार विचार करत नाही, पण पुढे त्यांची बेरीज होते आणि तिच्यातून ‘बलात्कार करणारा माणूस असा असतो’ असं एक चित्र तयार होतं. आरोपीच्या अंगावरचा पुरावा तासातासाने नाहीसा होत असताना आपण त्याची हेळसांड करतो आणि पार्श्वभूमीच्या रकान्यांवर मात्र नको इतका विश्वास टाकतो. न्यायाचं नुकसान या दोन्ही गोष्टींनी होतं.

कायद्यात काय आहे

फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 53अ घातलं गेलं आणि ते 23 जून 2006 पासून लागू झालं. बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी कशी करायची, हे त्यात पहिल्यांदा स्वतंत्रपणे सांगितलं होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता 52 या क्रमांकाने ओळखलं जातं. तपासणी सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी करायची. घटनास्थळापासून 16 किलोमीटरच्या परिसरात असे डॉक्टर नसतील, तर कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरांनी करायची. आरोपी नकार देत असला, तर आवश्यक तेवढ्या बळाचा वापर करायला कायदा परवानगी देतो.

अहवालात काय असावं तेही कलमातच आहे: आरोपीचं नाव, पत्ता, त्याला कुणी आणलं, वय, अंगावरच्या जखमा, डीएनएसाठी घेतलेल्या नमुन्यांचं वर्णन, प्रत्येक निष्कर्षामागचं कारण, तपासणी सुरू झाल्याची आणि संपल्याची नेमकी वेळ. अहवाल विनाविलंब तपास अधिकाऱ्याकडे जायला हवा. संभोगक्षमतेचा उल्लेख या यादीत कुठेही नाही. तरीही पोलिसांच्या छापील पत्रातला तो प्रश्न वर्षानुवर्षं तसाच राहिला.

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही, मग जबरदस्तीने रक्त कसं घेता येतं, असा प्रश्न वाचकाला पडेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांच्या पीठाने 1961 मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या एका खटल्यात ही रेघ आखली. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, कारण त्यात आरोपी मनातली कोणतीही माहिती सांगत नाही. रक्ताचा नमुना याच बाजूला बसतो. नार्को चाचणीत मात्र मनातलं काढून घेतलं जातं, म्हणून ती संमतीशिवाय करता येत नाही, असं 2010 मध्ये ठरलं. डॉक्टर आरोपीचं शरीर तपासतात, त्याच्याकडून कबुली घेत नाहीत. पोलीस कोठडीत असताना दंडाधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही, मग ती डॉक्टरांसमोर दिलेली का असेना.

तपासणीच्या खोलीत

नीट तपासणी कशी होते ते पाहू. आधी आरोपीला त्याच्या भाषेत काय करणार आहोत ते सांगायचं. अंगठ्याचा ठसा आणि ओळखीच्या दोन खुणा नोंदवायच्या, म्हणजे पुढे ‘तपासलेला माणूस हाच होता का’ हा वाद उरत नाही. जमिनीवर स्वच्छ कागद अंथरून त्यावर त्याला उभं करायचं आणि कपडे उतरवायला सांगायचे. केस, धागा, मातीचा कण, जे काही पडेल ते कागदावर पडतं आणि कागदाची घडी करून तोही पुरावा म्हणून जपला जातो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात जातो, ओला असेल तर सावलीत वाळवून. प्लॅस्टिकची पिशवी सोयीची वाटते, पण तिच्यात ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नासतो.

मग जखमा. प्रतिकार करताना ओरखडे बहुधा चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर, हातांवर उमटतात. नखाची खूण अर्धचंद्रासारखी असते. चाव्याची खूण दिसली तर तिचं माप आणि छायाचित्र घ्यायचं आणि तिथली लाळ स्वॅबवर टिपायची. दोन्ही हातांच्या नखांची टोकं कापून डाव्या-उजव्याची पाकिटं वेगळी ठेवायची. जननेंद्रियाच्या केसांतून कंगवा फिरवून सुटे केस गोळा करायचे, तुलनेसाठी त्याचे स्वतःचे काही केस घ्यायचे. लिंगाग्र आणि त्याच्या मागची खाच यांचे स्वॅब घ्यायचे. त्यावर स्त्रीच्या पेशी सापडू शकतात आणि त्यांतून तिचा डीएनए मिळू शकतो. आयोडीनने या पेशी तपकिरी होतात का ते पाहण्याची एक चाचणी जुन्या पुस्तकांत आहे, पण आज तेवढ्यावर विसंबता येत नाही. शेवटी जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बाटलीत रक्त घ्यायचं. त्या रसायनामुळे रक्त गोठत नाही आणि डीएनए टिकतो.

या सगळ्याला शत्रू एकच, वेळ. आरोपीने अंघोळ केली, कपडे धुतले, लघवीला गेला, नुसता घाम आला तरी स्वॅबवरचा पुरावा कमी होत जातो. अटक चौथ्या-पाचव्या दिवशी झाली, तर लिंगावरच्या स्वॅबमधून काही मिळण्याची आशा फारशी उरत नाही. ओरखडेही आठवड्याभरात भरून येतात. न धुतलेल्या कपड्यांवरचे डाग मात्र जास्त दिवस साथ देतात, म्हणून कपडे जप्त करणं हे पोलिसांचं पहिलं काम.

तपासणीच्या टेबलावर असलेला माणूस त्या क्षणी डॉक्टरांचा रुग्णही असतो. कोठडीत मारहाण झाल्याच्या खुणा दिसल्या तर त्या तितक्याच काटेकोरपणे लिहिणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे. आरोप कितीही घृणास्पद असला, तरी ही नोंद टाळण्याची मुभा डॉक्टरांना नाही.

‘सक्षम आहे किंवा कसे’

आता त्या छापील प्रश्नाकडे येऊ. त्याचं छापील उत्तर असं असतं: ‘ही व्यक्ती संभोग करण्यास असमर्थ असल्याचं सुचवणारं काहीही आढळलं नाही.’ दुहेरी नकाराचं हे वाक्य हजारो अहवालांत आहे आणि त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. निरोगी प्रौढ पुरुष सक्षम असतो, हे गृहीतच धरलं जातं. ‘मी नपुंसक आहे’ असा बचाव आरोपीने घेतला, तरच या तपासणीला अर्थ येतो. त्यातही घटनेच्या वेळची शारीरिक स्थिती काही दिवसांनी रुग्णालयात कळणार नाही.

शिवाय फौजदारी कायद्यातल्या 2013 च्या दुरुस्तीने बलात्काराची व्याख्याच रुंदावली. बोट, वस्तू, तोंड यांनी केलेली जबरदस्तीही आता बलात्कारच आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये तीच व्याख्या कायम आहे. तेव्हा संभोगक्षमता नसलेला पुरुषही हा गुन्हा करू शकतो. क्षमता तपासण्यासाठी वीर्याचा नमुना घेण्याची पद्धत जुनाट असल्याचं मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये नोंदवलं आणि रक्ताच्या नमुन्यावर भागेल अशी कार्यपद्धती आखायला सांगितलं. वीर्यात आणि रक्तात डीएनए तोच असतो, त्यामुळे ओळख पटवायला रक्त पुरतं.

बलात्कार झाला की नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत. तो कायद्याचा प्रश्न आहे आणि न्यायालय ठरवतं. आरोपीच्या अंगावर ओरखडा नाही म्हणून तो निर्दोष ठरत नाही. धाक, गुंगी, नात्यातला दबाव यांच्यापुढे प्रतिकार होतच नाही. उलट, ओरखडा आहे म्हणून गुन्हा सिद्ध होतो असंही नाही. डीएनए जुळला, तर संपर्क झाला एवढं कळतं. संमती होती का, याचं उत्तर कोणत्याही परीक्षानळीत नाही.

डीएनए आणि लाखेचं सील

डीएनएचा गुन्हेतपासातला पहिला मोठा उपयोग एका निर्दोष माणसाला सोडवण्यासाठी झाला, ही गोष्ट प्रत्येक पोलीस प्रशिक्षणात सांगायला हवी. इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात 1983 आणि 1986 मध्ये दोन शाळकरी मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले. शिकण्यात अडचण असलेल्या एका 17 वर्षांच्या मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिलाही गुन्हा त्याचाच, हे दाखवून देण्यासाठी पोलीस लेस्टर विद्यापीठातल्या ॲलेक जेफ्रीज यांच्याकडे गेले. जेफ्रीज यांचं उत्तर आलं: दोन्ही गुन्हे एकाच माणसाने केलेत, पण तो माणूस हा मुलगा नाही. मग परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले. खऱ्या गुन्हेगाराने एका सहकाऱ्याला आपल्या जागी नमुना द्यायला पाठवलं होतं. सहकारी ते बोलून गेला आणि गुन्हेगार सापडला. 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली. तो बेकरीत नोकरी करणारा, बायका-मुलांचा संसारी माणूस होता. कबुलीवर आणि ‘असाच मुलगा असं करणार’ या समजुतीवर काम भागवलं असतं, तर निरपराध मुलगा तुरुंगात आणि संसारी खुनी मोकळा राहिला असता.

पण डीएनएचा अहवाल त्या नमुन्याच्या प्रवासाइतकाच विश्वासार्ह असतो. स्वॅब कुणी घेतला, कुणी वाळवला, लाखेचं सील कुणी लावलं, सीलचा नमुना सोबत गेला का, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पाकीट किती दिवस पडून होतं, मुंबईतल्या कलिन्याच्या किंवा नागपूरच्या प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचलं, या साखळीची एक कडी निसटली की सगळा पुरावा ढासळतो. ठाणे जिल्ह्यात 2010 साली सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. त्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये निर्दोष सोडलं. डीएनए अहवाल होता, पण नमुने पाठवायला झालेल्या उशिराचं कारण फाइलमध्ये नव्हतं आणि नमुने दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नव्हती. त्या मुलीच्या घरच्यांना तेरा वर्षांनी काय मिळालं, याचा विचार केला की सीलची किंमत कळते.

दुसरा खटला अमरावती जिल्ह्यातला, 2007 सालचा, तोही लहान मुलीच्या बलात्काराचा आणि खुनाचा. डिसेंबर 2018 मध्ये त्याचा फेरविचार करताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की डीएनए तपासणी नसली म्हणून खटला सिद्धच होत नाही असं नाही, पण ती केली नाही किंवा न्यायालयापासून राखून ठेवली, तर त्याचा तोटा सरकार पक्षाला सोसावा लागेल. आरोपीची फाशी रद्द होऊन मरेपर्यंत जन्मठेप झाली.

महाराष्ट्रात या कामाचा दर्जा सुधारावा म्हणून आतल्याच माणसांनी झगडा केला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या तपासण्यांतले दोष उघड्यावर आणले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका चालली आणि राज्य सरकारला तपासणीची नवी कार्यपद्धती आणावी लागली. मुंबईत ‘सेहत’ ही संस्था महापालिकेच्या रुग्णालयांबरोबर असंच काम करत आली आहे.

टेबलापर्यंत कोण पोहोचतं

आता पार्श्वभूमीचे रकाने. न्यायवैद्यक विभागात तपासलेल्या आरोपींच्या नोंदी एकत्र केल्या, की साधारण असं चित्र निघतं: वय विशी-पंचविशीचं, अविवाहित, शाळा अर्धवट सुटलेली, मजुरी किंवा किरकोळ काम, झोपडपट्टी किंवा खेडं. यावरून गरिबी आणि अशिक्षितपणा बलात्काराला जन्म देतात, असं म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण ही यादी गुन्हा करणाऱ्यांची नसून पकडले गेलेल्यांची आहे.

या यादीत बरेच जण ज्या वाटेने येतात, ती वाट आकड्यांत दिसते. ‘एनफोल्ड’ या बंगळूरच्या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले 2016 ते 2020 या काळातले पॉक्सोचे, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचे, 7,064 निकाल तपासले. त्यांतले 1,715, म्हणजे 24.3 टक्के, प्रेमसंबंधांचे होते. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा वीस-एकवीसचा, दोघं पळून गेले, मुलीच्या घरच्यांनी तक्रार दिली. पॉक्सोखाली 18 वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही, त्यामुळे मुलगा आरोपी होतो आणि तपासणीच्या टेबलावर येतो. चौथा हिस्सा असा असेल, तर ‘आरोपी तरुण, अविवाहित आणि कमी शिकलेला असतो’ या निष्कर्षात पळून गेलेल्या प्रेमिकांचं प्रमाणही मिसळलेलं असतं.

दुसरी वाट पैशाची. ज्याला वकील करता येतो, अटकपूर्व जामीन मिळवता येतो, त्याची तपासणी उशिरा होते. ज्याचं वजन पडतं, त्याच्याविरुद्ध तक्रारच नोंदवली जात नाही किंवा घरातच मिटवली जाते. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी. जामिनाची रक्कम भरता न येणारे कोण असतात, हे सांगायला नको.

जे पोहोचत नाहीत

पुराव्याचा दुसरा तुकडा तुरुंगाबाहेरचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आशिया-पॅसिफिकमधल्या सहा देशांत दहा हजारांहून अधिक पुरुषांशी बोलून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बांगलादेश आणि श्रीलंका हे आपले शेजारीही होते. ‘बलात्कार’ हा शब्द न वापरता प्रत्यक्ष कृत्याबद्दल प्रश्न विचारले गेले. सुमारे चौथ्या हिश्श्याने आयुष्यात कधीतरी स्त्रीवर, यात पत्नीही आली, जबरदस्ती केल्याचं सांगितलं. त्यांतल्या निम्म्या जणांनी ती पहिल्यांदा किशोरवयात केली होती. कारण विचारलं, तेव्हा सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं, की तो आपला हक्कच आहे असं वाटलं. बहुतेकांना कायद्याची झळ कधीच लागली नव्हती. जोडीदाराबाहेरच्या स्त्रीवरच्या अत्याचाराशी गरिबीचा संबंध तिथेही दिसला, पण एकटीचा नाही. लहानपणी स्वतः सोसलेला छळ, दारू, टोळक्यातला वावर आणि बाईवर हुकमत गाजवणं म्हणजे मर्दपणा ही समजूत, असं सगळं तिच्याबरोबर होतं. अशी समजूत कुठल्याही उत्पन्नगटात वाढते.

दिल्लीच्या तिहार तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या सुमारे शंभर जणांच्या मुलाखती संशोधक मधुमिता पांडे यांनी घेतल्या. राक्षस भेटतील या तयारीने त्या गेल्या होत्या. भेटले ते चारचौघांसारखे पुरुष. त्यांतल्या अनेकांना आपण काय केलं, याला गुन्हा का म्हणायचं, हेच उमगलेलं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत 2022 मध्ये बलात्काराचे 31,516 गुन्हे नोंदले गेले. वर्षामागून वर्षं यांतल्या दहांपैकी नऊपेक्षा जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक.

आणि मथुरा प्रकरण महाराष्ट्राने विसरू नये. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचाराचा आरोप झाला. आरोपी खुद्द पोलीस शिपाई होते. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, असं कारण देत सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन पेटलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या खटल्यात गरीब, अशिक्षित आणि मागास ही सगळी विशेषणं मुलीच्या वाट्याला आली होती.

मग हे रकाने कशासाठी

पार्श्वभूमी नोंदवायलाच हवी, फक्त ती योग्य कामी लावायला हवी. आरोपी अल्पवयीन वाटत असेल, तर बाल न्याय कायद्याच्या कलम 94 प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मदाखला आणि तोही नसेल तरच हाडांचा एक्स-रे. एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन वर्षांची तफावत पडू शकते, म्हणून तो शेवटी. आरोपीला मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता असेल, तर ती पहिल्याच दिवशी नोंदली जावी. लेस्टरशायरचा मुलगा आठवला, की हे का ते कळतं. वकील परवडत नसेल, तर मोफत कायदेशीर मदत हा त्याचा हक्क आहे. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यांत आरोपीचं बालपण, शिक्षण, कुटुंब, मानसिक स्थिती यांची माहिती खालच्या न्यायालयानेच मागवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितलं आहे. अशा ठिकाणी पार्श्वभूमी न्यायाला मदत करते. संशयित शोधायला ती वापरली, की वस्तीतला मजूर पोरगा आधी उचलला जातो आणि ओळखीचा, प्रतिष्ठित माणूस शेवटपर्यंत संशयाबाहेर राहतो.

वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या घरात, शेजारात असा प्रसंग आला, तर पीडितेला तातडीने रुग्णालयात न्या. तिचे कपडे धुऊ नका, ते कागदात गुंडाळून ठेवा. आरोपीला अटक झाल्यावर तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा: कलम 52 खालची तपासणी किती वाजता झाली, कोणते नमुने घेतले, ते प्रयोगशाळेला कोणत्या तारखेला गेले? हे विचारायला संकोच करू नका. आणि गुन्हेगार कसा असतो याचं मनातलं चित्र पुसून टाका. मूल एखाद्या काकांबद्दल, सरांबद्दल, सभ्य शेजाऱ्याबद्दल काही सांगू पाहत असेल, तर त्या माणसाचं शिक्षण आणि घराणं न पाहता आधी मुलाचं ऐका.